खुबा बदलायचा ठरलाय? आधी घरातल्या बैठकीची उंची मोजा

खुबा बदलण्याचं ऑपरेशन साधारण दीड-दोन तासांत उरकतं. पुढचे सहा आठवडे काढायचे असतात ते घरात, आणि आपलं घरातलं जगणं जमिनीलगतचं. पाटावर जेवण, मोरीत बुटक्या स्टुलावर आंघोळ, देशी संडास, देवापुढे आसन, खाली बसून भाजी निवडणं. नव्या खुब्याला सुरुवातीला नेमकी हीच बैठक चालत नाही. सर्जन कोण, इम्प्लांट कुठलं यावर घरात महिनाभर खल होतो, पण कमोड किती इंच उंच आहे हे मोजायला कुणी जात नाही. डिस्चार्ज मिळालेला माणूस घरी येतो, कौतुकाने मऊ सोफ्यावर बसवला जातो, सोफा खचतो, गुडघे कमरेच्या वर जातात आणि नवा खुबा निखळायचा धोका तिथेच सुरू होतो. म्हणून हे वाचताना मोजपट्टी जवळ ठेवा.

दुखणं खरंच खुब्याचं आहे का?

खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं. कुठे दुखतं विचारलं की असा पेशंट अंगठा आणि बोटं पसरून कमरेच्या कडेला चिमट्यासारखा पंजा लावतो. कळ मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते, त्यामुळे काही जण वर्षभर गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आणि तरी गुडघा दुखतोय, असं असेल तर खुबा तपासून घ्यायलाच हवा. याउलट दुखणं फक्त कुल्ल्यात असेल, मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील, तर बऱ्याचदा ते मणक्याचं निघतं.

घरच्या घरी कळण्याजोग्या खुणाही आहेत. पायाची नखं कापता येत नाहीत, मोजा चढवताना पाय वर येत नाही, मांडी घालताना एक गुडघा वरच राहतो, रिक्षात चढताना पाय हाताने उचलावा लागतो. एक्स-रे काढताना एका खुब्याचा न काढता दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा कमरेचा काढावा, म्हणजे चांगली बाजू तुलनेला मिळते. हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याच्या आजारात सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो, तिथे एमआरआयच लागतो.

आपल्याकडे हा आजार, म्हणजे एव्हीएन, तिशी-चाळिशीतल्या माणसांचा खुबा बदलण्याचं मोठं कारण आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो चेंडू असतो त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. त्या बंद झाल्या की चेंडूचा भाग आतून मरतो आणि वजनाखाली चेपतो. स्टेरॉइडचे मोठे किंवा लांबलेले डोस आणि दारू ही दोन नेहमीची कारणं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काही जणांना पुढे हाच त्रास झाला. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळेही होतो. अशा रुग्णाला ऑपरेशनच्या वेळी शरीरात पाणी कमी पडू न देणं, अंग गरम ठेवणं, ऑक्सिजन राखणं याची वेगळी तयारी लागते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरला सिकलसेल असल्याचं पहिल्या भेटीतच सांगा. चेंडू चेपायच्या आधी आजार सापडला तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन करून बघता येतं. चेपल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

बाकी कारणं म्हणजे वयानुसार झीज, आमवात, पाठीचा कणा ताठ करणारा स्पॉन्डिलायटिस, लहानपणी खुब्याला झालेला जंतुसंसर्ग किंवा जन्मापासून निसटलेला खुबा. ही सगळी सवडीने करायची ऑपरेशनं. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी रात्री शांत झोप लागतेय आणि रोजची कामं होताहेत, तर घाई नाही. रात्री कुशीवर वळलं की जाग येते, शंभर पावलांत थांबावं लागतं, गोळीशिवाय दिवस जात नाही, अशी वेळ आली की मात्र टाळत बसू नये. खूप वर्षं लंगडत काढली की खुब्याभोवतीचे स्नायू वाळतात आणि ऑपरेशननंतर चाल सुधारायला तितका जास्त वेळ लागतो.

पडून मोडलेला खुबा हा वेगळा प्रकार. आजी बाथरूममध्ये पडल्या, उठता येत नाही, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलाय, ही बहुतेक खुब्याच्या मोडीची खूण. यात वेळ महत्त्वाची आहे. तब्येत परवानगी देत असेल तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं. नातेवाईक परगावाहून येईपर्यंत चार दिवस अंथरुणात गेले, की तेवढ्यात छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात. चेंडूच्या लगतची मान मोडली असेल तर म्हाताऱ्या माणसात अर्धा खुबा म्हणजे फक्त चेंडू बदलतात, ज्याला बोलताना ‘बायपोलर’ म्हणतात. हिंडतंफिरतं, चांगल्या तब्येतीचं माणूस असेल तर पूर्ण खुबाही बदलतात. मोड त्याच्या खाली असेल तर बहुतेक वेळा खिळा घालून हाड जोडतात, खुबा बदलत नाहीत. सर्जनला नेमकं विचारा: मोड कुठे आहे, आणि बदलताय की जोडताय?

आत काय बसवतात

पूर्ण खुब्याचे चार भाग असतात. कमरेच्या हाडातल्या खोलगट जागेत धातूचा कप, त्याच्या आत लायनर नावाचं अस्तर, मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरणारी धातूची दांडी म्हणजे स्टेम, आणि स्टेमच्या टोकावर बसणारा बॉल. बॉल साधारण २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा. बॉल मोठा असेल तर निसटायला त्याला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून तो अधिक पक्का राहतो.

आजच्या ऑपरेशनचा पाया जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनने घातला. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी आधी टेफ्लॉनचे कप वापरले. ते भराभर झिजले आणि झिजेच्या कणांनी आजूबाजूचं हाड खराब झालं. १९६२मध्ये ते पॉलिथिलिन या टणक प्लॅस्टिककडे वळले, बॉल मुद्दाम लहान, २२ मिलिमीटरचा ठेवला, आणि ते टिकलं. झिजेचे कण हाडाला त्रास देतात हा धडा अजूनही तितकाच खरा आहे. आज निवड बॉल आणि लायनर कशाचे घ्यायचे यावरच अडते. सुधारित पॉलिथिलिनच्या लायनरवर धातूचा किंवा सिरॅमिकचा बॉल, हे बहुतेकांना पुरेसं आणि बरंच टिकाऊ आहे. सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यात कमी झिजतं, पण क्वचित करकरतं आणि फार क्वचित तडकतं. गुलाबीसर रंगाचा बॉल दाखवतात तो सिरॅमिकचाच प्रकार, त्या रंगाला वेगळं महत्त्व नाही. धातूवर धातू या जातीची मात्र वाईट गत झाली. त्यातला एएसआर नावाचा खुबा ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतला.

स्टेम आणि कप सिमेंटने बसवायचे की विनासिमेंट, हे हाडावर ठरतं. विनासिमेंटचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि काही आठवड्यांत हाड त्यात वाढून धरून ठेवतं. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडात सिमेंट जास्त भरवशाचं. ‘सिमेंट म्हणजे जुनं तंत्र’ असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका.

किती वर्षं टिकेल? २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, देशपातळीवरच्या नोंदींनुसार, १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के आणि २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के खुबे शाबूत होते. हे आकडे जुन्या साहित्याचे आहेत, कारण २५ वर्षं मोजायला २५ वर्षांपूर्वीचाच खुबा लागतो.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. २०१७ साली सरकारने इम्प्लांटच्या किमतींना घातलेली मर्यादा गुडघ्यासाठी होती, त्यामुळे खुब्याचा हिशोब कप, लायनर, बॉल, स्टेम असा वेगवेगळा लिहून मागा. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची केस बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याच्या आधी विचारा.

ऑपरेशनआधीचे सहा आठवडे

जंतुसंसर्ग टाळायचा तर काम इथेच सुरू होतं. किडलेला दात, हिरड्यांची सूज, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, भेगांमधली जखम, यातून जंतू रक्तात उतरून नव्या धातूवर बसू शकतात. म्हणून दातांच्या डॉक्टरकडे आधी जाऊन या. मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, साडेसात-आठच्या खाली आणा. सिगारेट, तंबाखू आणि मशेरी निदान चार ते सहा आठवडे आधी बंद. मशेरी ‘फक्त दातांना लावते’ म्हणून सांगायचं राहून जातं, पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि जखमेचा रक्तपुरवठा आवळतं.

चालू गोळ्यांची यादी फोटो काढून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्टेंट बसवलेल्या माणसाने त्या स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. काढे, भस्मं, गुडघेदुखीच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याला भुलेच्या वेळी वेगळी काळजी लागते.

आदल्या दिवशी दिलेल्या औषधी साबणाने आंघोळ करा. मांडीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. त्याचे बारीक कापे म्हणजे जंतूंना दारं. गरज असेल तर रुग्णालयात मशीनने काढतात.

आता मोजपट्टी

घरात घालायच्या चपला घालून ताठ उभे राहा. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात दोन इंच मिळवा. ही तुमची बैठकीची उंची. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला ती १८ ते १९ इंचांच्या आसपास येते. घरातली जी बैठक यापेक्षा बुटकी आहे, ती पहिले दोन-तीन महिने तुमची नाही.

बैठक मोजताना तिच्यावर माणूस बसवून मोजा. सोफा रिकामा असताना १७ इंच असतो आणि बसल्यावर १३ होतो. दिवाणावरची कापसाची गादीही अशीच दबते. हात नसलेलं स्टूल, चाकांची ऑफिसची खुर्ची आणि पाय फाकणारी हलकी प्लॅस्टिकची खुर्ची बाद. जेवणाच्या टेबलाची हात असलेली लाकडी खुर्ची, तिच्यावर घट्ट फोमची उशी, हे उत्तम. पलंग बुटका असेल तर सुताराकडून चारही पायांखाली खोबणीचे ठोकळे करून घ्या. नुसत्या विटा ठेवू नका, पलंग सरकतो.

कमोड साधारण १५-१६ इंचांचा असतो, म्हणजे जवळपास प्रत्येकालाच बुटका. त्यावर बसणारी चार इंचांची उंच सीट सर्जिकलच्या दुकानात मिळते. ती क्लॅम्पने आवळून घ्या, नाहीतर घसरते. घरी देशी संडास असेल तर भोक असलेली, पायांची उंची बदलता येणारी कमोड खुर्ची त्यावरच ठेवा. एका बाजूला भिंतीत पक्का रॉड बसवा. नळाला किंवा फ्लशच्या पाइपला धरून उठायची सवय आधीच मोडा.

मोरीत खरी अडचण बादलीची असते. माणूस उंच खुर्चीवर बसवला जातो आणि बादली राहते खाली. मग प्रत्येक तांब्याला वाकणं आलंच. बादली दुसऱ्या स्टुलावर, मांडीच्या पातळीला ठेवा, किंवा हातात धरायचा शॉवर बसवून घ्या. खुर्चीच्या पायांना रबरी बूच हवेत. पाय धुवायला लांब दांड्याचा ब्रश.

वॉकर आधी आणा आणि दारांतून नेऊन बघा. जुन्या चाळींत आणि फ्लॅटमध्ये संडासाचं दार इतकं अरुंद असतं की वॉकर सरळ जात नाही. तो आडवा करून, बाजूने पावलं टाकत जायचा सराव ऑपरेशनच्या आधी, दुखरा का होईना पण स्वतःचा खुबा असताना करावा. वॉकरची उंची अशी: हात सैल सोडून उभं राहिल्यावर वॉकरच्या मुठी मनगटाच्या घडीपाशी याव्यात. उंबरा म्हणजे एक पायरी समजा. पायपुसणी, सतरंज्या, टीव्हीच्या वायरी उचला. रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवा. रोज लागणारे डबे, औषधं, चार्जर कमरेच्या उंचीवर आणा. घरात दुडदुडणारं नातवंड किंवा पायांत घोटाळणारं मांजर असेल तर पहिला महिना त्याचीही सोय बघावी लागते.

ऑपरेशनचा दिवस

सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. भूल बहुतेक वेळा मणक्यातून देतात, सोबत झोपेचं औषध. कापण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक जातं, रक्तस्राव कमी करायचं इंजेक्शनही देतात. सर्जन खराब चेंडू कापून काढतो, खोलगट जागा अर्धगोल खवणीने एक-दोन मिलिमीटरने वाढवत गोल करतो, कप ठोकून बसवतो, मांडीच्या हाडात स्टेमची जागा करतो. खरं इम्प्लांट बसवण्याआधी चाचणीचे तुकडे लावून पाय सगळीकडे फिरवून बघतो, निसटत तर नाही ना आणि लांबी जुळते ना. बास, तुमच्या बाजूने त्यात करण्यासारखं काही नाही. एकच प्रश्न आधी विचारून ठेवा: सांध्यात मागून जाणार, बाजूने की पुढून? पुढची पथ्यं यावर ठरतात.

पहिली पावलं

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. बहुतेकांना लगेच पूर्ण वजन टाकायची परवानगी असते. पहिल्यांदा उठताना चक्कर येते, म्हणून पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसून मगच उभे राहा.

चालण्याचा क्रम: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वळताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी घ्यायची नाही. छोटी छोटी पावलं टाकत वळायचं.

बसताना मागे मागे जा, दोन्ही पायांना खुर्ची टेकू द्या, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवा, हात खुर्चीच्या हातांवर न्या आणि पाठ मागे ठेवून खाली या. उठताना कडेला सरका, तोच पाय पुढे ठेवा आणि खुर्चीच्या हातांवर जोर द्या. वॉकर ओढून उठू नये, तो उलटून अंगावर येतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. ‘चढताना चांगला, उतरताना दुखरा’ एवढं पाठ करा. काठी किंवा कुबडी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर जाते.

तीन मनाई आणि त्यामागचं कारण

मागून केलेल्या ऑपरेशनमध्ये सांध्यामागची पिशवी आणि छोटे स्नायू कापून परत शिवलेले असतात. ते धरेपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, बॉल मागे निसटू शकतो. म्हणून कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि चवडा आत वळवायचा नाही. पुढून केलेल्या ऑपरेशनमध्ये उलट असतं. तिथे पाय मागे नेऊन चवडा बाहेर वळवणं टाळायचं.

नियम तोंडपाठ असूनही माणूस चुकतो ते कुठे, ते सांगतो. पायाशी गेलेलं पांघरूण ओढायला वाकणं. बसल्या बसल्या खाली पडलेला मोबाइल उचलणं. चप्पल सरळ करणं. मागून कुणी हाक मारली की पाय जागेवर ठेवून धड वळवणं. आणि पाया पडणं. घरात कार्य असलं की वडीलधाऱ्यांपुढे हात आपोआप वाकतात. तीन महिने उभ्यानेच हात जोडा, कुणी रागावत नाही. पांघरुणाला दोरी बांधा, बूट घालायला लांब पट्टी आणि वस्तू उचलायला चिमटा घ्या.

झोप पाठीवर, दोन मांड्यांमध्ये उशी. कुशीवर झोपायला परवानगी मिळाली की उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब हवी, नाहीतर वरचा पाय पुढे घरंगळून आत वळतो.

गाडीतून घरी येताना पुढची सीट पूर्ण मागे ढकला, पाठ तिरकी करा, खाली उशी ठेवा. आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर सरकणं सोपं जातं. बसल्यावर ती काढून टाका. रिक्षा आणि दुचाकी सध्या नको.

घरचे सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटं चाला. हळूहळू सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर जा. जास्त झालं हे कसं ओळखायचं? सूज आणि दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर आदल्या दिवसाचं प्रमाण कमी करा.

जागेपणी दर तासाला घोटा दहा-पंधरा वेळा वरखाली हलवा. त्याने पोटरीतलं रक्त वाहतं राहतं. गुडघा गादीत दाबून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळा, कुल्ले आवळा, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवा. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. उभं राहता आलं की ओट्याला धरून पाय बाजूला उचलायचा व्यायाम. कुल्ल्याच्या कडेचा जो स्नायू कंबर सरळ धरतो तो याने कसदार होतो, आणि लंगड जाणं मुख्यतः त्याच्यावर अवलंबून आहे. बाजूने ऑपरेशन झालं असेल तर हाच स्नायू शिवलेला असतो, म्हणून तिथे हा व्यायाम सर्जन सांगेपर्यंत करू नये. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायामही विचारूनच, त्याने खुब्यावर बराच ताण येतो.

दोन ते चार आठवड्यांत वॉकर सुटून काठी येते. काठी चांगल्या पायाच्या हातात. हे पुष्कळांना उलटं वाटतं. चालताना एका पायावर भार येतो तेव्हा कुल्ल्याचा स्नायू जोराने ओढतो आणि खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब पडतो. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूचं काम वाटून घेते. त्याच बाजूच्या हातात धरली तर माणूस काठीवर कलंडतो आणि लंगडायची सवय पक्की होते.

सूज सगळ्यांनाच येते, पाऊल संध्याकाळी जड होतं, आणि हे तीन महिनेही चालू शकतं. भेटायला आलेल्यांसाठी तासन्‌तास पाय खाली सोडून बसलं की ती वाढते. पाऊण तासाने उठून चाला, दुपारी पाठीवर पडून पाय उशांवर ठेवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. मालिश मात्र अजिबात नको. पोटरीत रक्ताची गाठ झालेली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

टाके किंवा स्टेपल १२ ते १५ दिवसांत निघतात. आंबट खाल्लं की जखम चिघळते, डाळीने पू होतो, अशी पथ्यं सांगणारे भेटतील. जखम भरायला प्रथिनंच लागतात. वरण, उसळ, अंडी, दही, मासे, जे घरात चालतं ते रोज खा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, तेव्हा पाणी, ताक आणि इसबगोल. कुंथताना माणूस पुढे झुकतो, तेही टळतं.

रक्ताची गाठ टाळायच्या औषधाचा कोर्स साधारण महिनाभराचा, काही औषधांचा ३५ दिवसांचा असतो. बरं वाटतंय म्हणून पंधराव्या दिवशी तो सोडू नका.

सहा आठवड्यांनी बहुतेकांना गाडी चालवणं आणि बैठं काम जमतं. शेतीचं, ओझ्याचं काम तीन महिन्यांनी, विचारून.

काय बिघडतं आणि कधी धावायचं

अचानक कळ, पाय आखूड होऊन वळला, टेकवता येत नाही: खुबा निखळला. आहे तसंच झोपवून ठेवा, काही खायला देऊ नका, १०८ला फोन करा. हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका, हाड मोडू शकतं.

एका पोटरीत दुखरी, ताणलेली सूज आली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त असेल तर सरळ इमर्जन्सी गाठा.

जखम आठवडा उलटूनही पाझरतेय, दुखणं कमी होता होता पुन्हा वाढतंय, ताप येतोय, तर ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच जा. गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. वरून जखम सुकल्यासारखी दिसते, आत जंतू धातूवर थर धरतात, आणि नंतर सांध्यातलं पाणी तपासलं तर जंतू सापडतही नाही. पहिल्या काही आठवड्यांत सापडलं तर सांधा धुऊन, लायनर आणि बॉल बदलून वाचण्याची शक्यता असते. उशीर झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं.

पाऊल वर उचलता येत नाही, चवडा लोंबतो, असं वाटलं तर पायाच्या नसेवर, म्हणजे मज्जातंतूवर ताण आहे. लगेच सांगा.

पाय लांब झाल्यासारखा वाटणं फार जणांना होतं. बरीच वर्षं आखडलेले स्नायू आणि तिरकी झालेली कंबर सरळ व्हायला वेळ लागतो. तीन महिने होईपर्यंत बुटात जाड तळवा घालू नका, नाहीतर ती तिरकी कंबर तशीच पक्की होते. त्यानंतरही फरक राहिला तर मोजून घ्या. एक सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना जाणवत नाही.

पुन्हा खाली बसता येईल का?

सगळ्यांना एकच उत्तर नाही. कप कुठल्या कोनात बसलाय, बॉल केवढा आहे, स्नायू किती भरलेत, यावर ते ठरतं. काही सर्जन तीन ते सहा महिन्यांनी मांडी घालू देतात, उकिडवं बसणं मात्र बरेच जण कायमचं टाळायला सांगतात. हे पहिल्याच भेटीत विचारा. कीर्तनाला बसायचं आहे की भातलावणी करायची आहे, हे माहीत असेल तर सर्जन त्या हिशोबाने निवड करू शकतो. परवानगी मिळाली तरी लक्षात घ्या, मांडी घालून स्थिर बसण्यापेक्षा खाली जाण्याचा आणि उठण्याचा क्षण जास्त धोक्याचा. खाली वाकताना गुडघा आत वळतो, तेव्हा बॉल मागे ढकलला जातो. खुर्चीला धरा, ऑपरेशनचा पाय मागे ठेवा, चांगला गुडघा पुढे वाकवा, मग तो मागचा गुडघा टेका. उठताना हेच उलट क्रमाने.

सपाट रस्त्यावर चालणं, पोहणं, सायकल हे सगळं चालतं. धावणं आणि उड्या नको. विमानतळावर मशीन वाजेल, सरळ सांगा.

डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले आहेत ना ते बघूनच बाहेर पडा. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. एखादी बॅच मागे घेतली गेली, किंवा वीस वर्षांनी नुसता लायनर बदलायचा झाला, तर सर्जन आधी तेच मागतो. फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

एक्स-रे सहा आठवड्यांनी, वर्षाने, आणि पुढे सर्जन सांगेल त्या अंतराने, दुखत नसलं तरी. लायनरच्या कणांनी हाड पोखरायला लागतं तेव्हा बराच काळ काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा ते असं असतं: खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं मांडीत कळ, मग चालता चालता कमी. हे सैल होत असलेल्या स्टेमचं लक्षण असू शकतं. तेव्हा नव्या एक्स-रेबरोबर पहिला एक्स-रेही घेऊन जा आणि दोन्ही शेजारी लावून बघायला सांगा.